छातीतली आग आणि मोटारीचा फुटबॉल

"मले गॅसची गोळी दे रे बापू. मागच्या बाजारी देल्ली होती, थेच."

काकाजी सत्तरीला टेकलेले. दर बाजाराच्या दिवशी भाजी घ्यायच्या आधी माझ्या काउंटरशी येतात, पिशवी खाली ठेवतात आणि छातीच्या मधोमध मूठ दाबून दाखवतात. "अठी जळते. रातच्याला तं जास्तच. तोंडात आंबट पानी येते."

मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान चालवतो, इतकंच. पण २२ वर्षं गोळी मागणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहून एवढं कळलंय, की आपल्याकडे 'गॅस' म्हणजे एक पोतं आहे, त्यात काहीही भरता येतं. पोट फुगलं तरी गॅस, डोकं धरलं तरी गॅस, पाठीत उसण भरली तरी गॅसच फिरतोय. त्या पोत्यातून आज एकच गोष्ट बाहेर काढतो. जठरातलं आम्ल उलटं वर अन्ननलिकेत येणं, छातीत जळजळ, घशाशी आंबट-कडू पाणी, वाकलं किंवा आडवं झालं की भडकणारी आग. डॉक्टर याला रिफ्लक्स म्हणतात. वरचेवर होऊन त्रास देऊ लागलं की कागदावर 'जीईआरडी' लिहून येतं.

कशानं होतं, असं काकाजींना विचारलं तर उत्तर तयार असतं. "पित्त वाढलं. पोटात ॲसिड जास्त बनून राह्यलं." जवळपास प्रत्येकजण हेच सांगतो, आणि गाडी रस्ता चुकते ती इथंच.

विहिरीवरची मोटार आठवा. पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह असतो. आपल्याकडे बरेच जण त्याला सरळ फुटबॉलच म्हणतात. तो पाणी वर चढू देतो, खाली परतू देत नाही. आतला वायसर झिजला किंवा काडीकचरा अडकला की रात्रीतून पाइप रिकामा होतो, आणि सकाळी मोटार नुसती घरघरते. मग बादलीनं पाणी ओतत बसा. अशा वेळी विहिरीत पाणी जास्त झालं असं कोणी म्हणत नाही. फुटबॉल गेला, असंच म्हणतात.

आपल्या आतही तसाच एक फुटबॉल आहे, फक्त त्याची दिशा उलटी. घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटरची, वीतभरापेक्षा थोडी लांब. तिच्या खालच्या तोंडाशी स्नायूंचं एक कडं असतं. घास गिळला की ते उघडतं आणि लगेच आवळतं. श्वासाचा पडदा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला आडवा स्नायू, त्याला बाहेरून आधार देतो. या कड्याच्या खाली जठर, आणि जठरात दिवसाला दीड-दोन लिटर पाचक रस तयार होतो. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. हो, तेच, फरशी धुवायच्या ॲसिडमधलं, पण पातळ. जठराच्या आतून चिकट बुळबुळीत अस्तर असतं म्हणून त्याला ते सोसतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नाही. तिथं तेच आम्ल शिंपडलं की आग.

रिफ्लक्सच्या बहुतेक रोग्यांमध्ये आम्ल इतरांइतकंच बनतं. ते नको तिथं पोचतं, एवढीच भानगड. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं अर्धं काम सोपं होतं. मग 'काय खाल्लं' याच्या जोडीला 'किती खाल्लं, कधी खाल्लं आणि खाल्ल्यावर अंग कसं होतं' हे विचारावंसं वाटतं.

जठर ताणलं गेलं की ते कडं न गिळताही काही सेकंद सैल सुटतं. ढेकर येते ती याच वाटेनं. हे सगळ्यांनाच होतं, अगदी पहिलवानालाही. पण पोट तट्ट भरलेलं असेल तर ते वारंवार होतं, आणि हवेसोबत आम्लही वर येतं. काहींच्या बाबतीत जठराचा वरचा भाग श्वासाच्या पडद्यातून थोडा वर सरकलेला असतो. त्याला हायटस हर्निया म्हणतात, आणि त्यात कड्याचा बाहेरचा आधारच जातो. पोटाचा घेर वाढला की दाब वाढतो. गरोदरपणात बाळाचा दाब असतोच, शिवाय त्या दिवसांतलं संप्रेरक कडं ढिलं करतं. म्हणून "सातवा लागला आन् जळजळ सुरू झाली" असं सांगणाऱ्या पोरी घाबरल्या तर मी म्हणतो, बाळंतपणानंतर बहुतेकींचं आपोआप थांबतं. मात्र मनानं गोळी घेऊ नका, दवाखान्यातल्या ताईला किंवा डॉक्टरला विचारा.

अजून एक गंमत. तर्री पोह्यांच्या रश्श्यावर तेलाचा लाल थर कसा तरंगतो? जेवणानंतर जठरातही तसंच काहीसं होतं. खालचं अन्न आम्लाला मारून थोडं सौम्य करतं, पण ताजं सुटलेलं आम्ल अन्नाच्या वर, बरोब्बर त्या कड्याच्या तोंडाशी थर करून राहतं. म्हणजे जेवल्यावर पोट सगळ्यात भरलेलं असतं आणि तिखट आम्ल दाराला टेकलेलं असतं. अशा वेळी माणूस उभा किंवा बसलेला असेल तर बरं. आडवा झाला की संपलं.

आता आपल्याकडचा दिवस बघा. सकाळी चहा, फार तर चहात बुडवलेली शिळी भाकर. दुपारी वावरात शिदोरी. संध्याकाळी दूधदुभतं, गुरं, आणि दिवसाचं खरं जेवण रात्री नऊ-साडेनऊला. त्यातच कृषिपंपाची लाइट रात्रीची असली तर ओलीत आटोपून माणूस बाराला घरी येतो, दोन-तीन भाकरी, पिठलं, वर ठेचा, आणि हात धुऊन लगेच बाजेवर. झोपेत आपण फारसं गिळत नाही, लाळही जवळपास थांबते. जागेपणी हीच लाळ वर आलेलं आम्ल धुऊन खाली नेते. झोपेत धुणारं कोणी नाही. त्यामुळे रात्री वर आलेलं आम्ल तिथंच रेंगाळतं आणि दुप्पट नुकसान करतं.

म्हणून मी काकाजींना मिरचीबद्दल बोलायच्या आधी जेवणाच्या वेळेबद्दल बोललो. त्यांना ते पटलं नाही. "भिवापुरी मिरची सोडतो म्हनलं तं तू जेवनाची येळ धरून बसला."

मिरचीची बाजू घेतो, असं समजू नका. पण तिच्यावर जेवढा आळ येतो तेवढी ती दोषी नाही. मिरचीतलं तिखट द्रव्य आधीच सोललेल्या जागी झोंबतं, आग जास्त जाणवते, हे खरं. ज्याला ठेचा खाल्ला की हमखास त्रास होतो त्यानं सोडावा. पण सावजी रश्श्याच्या वाटीत मिरचीइतकंच बोटभर तेलही असतं, त्याकडे कुणी बघत नाही. चरबीनं जठर रिकामं व्हायला उशीर लागतो आणि कडंही ढिलं पडतं. लग्नातली पंगत, रात्री अकराला सावजी, वर गोटी सोडा 'पचायला'. सोड्याच्या फेसानं जठर फुगतं, मोठी ढेकर येते, दोन मिनिटं मोकळं वाटतं. त्या ढेकरेबरोबर काय वर आलं ते मात्र पहाटे तीनला कळतं.

दुधाचंही तसंच. थंड दुधाचा पेला घशाखाली उतरताना सुख वाटतं, पण थोड्या वेळानं त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. अंबाडीची भाजी, संत्री, कढी, चहा ही यादी प्रत्येकाची वेगळी असते. वरूड-मोर्शीकडच्या बागवाल्याला संत्री बंद म्हणणं म्हणजे त्याला जेलात टाकणं. त्यापेक्षा पंधरा दिवस वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, कधी जळलं. मग आपला चोर आपल्याला सापडतो. शेजारच्याचा चोर आपल्या घरी आणू नका.

खर्ऱ्याबद्दल मात्र मी मऊ बोलणार नाही. माझ्या दुकानाला लागूनच पानटपरी आहे, दिवसभर पन्नीवर खर्रा घोटल्याचा आवाज कानावर येतो. जेवण झालं की एक चिमूट, 'जेवन पचते' म्हणून. प्रत्यक्षात तंबाखूतलं निकोटिन ते कडं सैल करतं. म्हणजे भरल्या पोटी, दाराशी आम्लाचा थर असताना, आपण स्वतःच्या हातानं कडी काढतो. शिवाय तोंडातली लाळ, जी आग विझवायला आत जायला हवी, ती पिचकारीबरोबर भिंतीवर. तंबाखूचा तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरशी असलेला संबंध सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी मनावर घेत नाही. दारूचं वेगळं सांगत नाही, तिचंही कलम हेच.

बायांच्या त्रासाकडे दिवाळीनंतर माझं लक्ष गेलं. कापूस वेचणीच्या दिवसांत दुकानात येणाऱ्या बाया एकच तक्रार सांगतात: "घरी रायलं का बरं रायते, वेचाले गेलं का आंबट पानी." वेचणीला कमरेला फडकं घट्ट आवळून त्याची ओटी करतात. तिच्यात कापूस भरत जातो, ती पोटावर लोंबते, आणि बाई दिवसभर कमरेत वाकलेली. सकाळी आठला पोटभर जेवून निघालेली. भरलेली पिशवी वाकवून वरून दाबली तर काय होईल?

आता मासिकांत लिहितात तसं 'दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खा आणि जेवल्यावर तासभर वाकू नका' हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगू? किलोवर मजुरी आहे. एवढंच सांगितलं की फडक्याची गाठ बरगडीखाली नको, खाली ओटीपोटाला आण, किंवा खांद्यावरून झोळी घे. सकाळची एक भाकर इथं खा, दुसरी दहा-साडेदहाला पाणी प्यायला थांबतेस तेव्हा. निंदताना जमलं तर कमरेत वाकण्यापेक्षा उकिडवी बस, पण जेवल्या जेवल्या तेही नको. एकीनं झोळी करून पाहिली, म्हणाली बरं वाटते. दुसरी म्हणाली, झोळीनं हात चालत नाही. दोघीही खरं बोलत होत्या.

याच बाया कंबर धरली म्हणून अंगदुखीच्या गोळ्या मागतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या उपाशीपोटी, रोज, महिनोन्‌महिने. त्यांनी जठराचं अस्तरच विरघळत जातं, जखमा होतात. ती जळजळ वेगळी आणि जास्त धोक्याची. गॅसची गोळी आणि अंगदुखीची गोळी एकाच कागदात बांधून मागणाऱ्या बाईला मी दुसरी गोळी देताना हात आखडता घेतो, त्यावरून वादही होतात. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूलही अशीच खोडकर. स्क्रब टायफस या तापाच्या सिझनमध्ये आपल्याकडे ती बरीच लिहून येते. घोटभर पाण्यानं गिळून लगेच झोपलं तर ती अन्ननलिकेतच चिकटून भोक पाडल्यासारखी जखम करते. पेलाभर पाणी प्या आणि अर्धा तास तरी बसून राहा.

आता त्या गोळीकडे येऊ, जी काकाजी दर बाजारी नेतात. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, सगळी एकाच कुळातली. जठराच्या भिंतीत आम्ल सोडणारे बारीक पंप असतात. जेवण आलं की लाइट आल्यावर ऑटोवरच्या मोटारी सुरू व्हाव्यात तसे ते सुरू होतात. गोळी चालू पंपालाच धरून बंद पाडते, झोपलेल्या पंपाला तिचा हात लागत नाही. आणि रक्तात ती जेमतेम एक-दोन तास टिकते. म्हणून ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. माझ्याकडचे निम्मे लोक ती रात्री जेवून, जळायला लागल्यावर घेतात आणि म्हणतात गोळीत दम नाही. तोडून, चावूनही घेऊ नका. तिच्यावरचं वेष्टण तिला जठरातल्या आम्लापासून वाचवतं. पूर्ण गुण यायला दोन-चार दिवस लागतात. डॉक्टर सहसा चार ते आठ आठवड्यांचा कोर्स देतात.

ही गोळी फुटबॉल मात्र दुरुस्त करत नाही. वर येणारं पाणी कमी आंबट होतं एवढंच, येणं चालूच राहतं. म्हणून "आग थांबली पन घशाशी पानी अजून येते" अशी तक्रार उरते. महिनोन्‌महिने घेऊन एकदम बंद केली तर दाबून ठेवलेले पंप काही दिवस जोरात उसळतात. माणसाला वाटतं रोग परत आला, आणि तो पुन्हा पाकीट घेतो. असंच करत करत काकाजींना सहा वर्षं झाली होती. वर्षानुवर्षं घेतल्यानं बी-१२, मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडं ठिसूळ होण्याचा धोकाही सांगतात. याचा अर्थ गोळी वाईट असा नाही. काहींना ती खरोखर कायमची लागते. पण ते डॉक्टरनं ठरवावं, मी किंवा काकाजींनी नाही. डोंपेरिडोन हे मळमळीचं औषध मिसळलेली कॅप्सूल तर अजून जपून. तिचा हृदयाच्या ठोक्यांशी संबंध येतो, म्हाताऱ्या माणसांना विशेष.

जुने लोक अजून रॅनिटिडीनचं नाव घेऊन येतात. तीही आम्ल कमी करणारी गोळी, पण जुन्या, वेगळ्या कुळातली. त्या कुळातलं पहिलं चाललेलं औषध सर जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलं, त्यांना १९८८ चा नोबेल मिळाला. रॅनिटिडीनमध्ये मात्र कॅन्सरची शंका असलेली अशुद्धी सापडली. अमेरिकेनं ते २०२० मध्ये बाजारातून काढायला लावलं आणि भारतानं २०२२ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीतून वगळलं. तात्पुरत्या आगीला पातळ अँटासिड चालतं. त्यातल्या मॅग्नेशियमनं पोट पातळ होतं, ॲल्युमिनियमनं घट्ट. खायचा सोडा पाण्यात टाकून पिणाऱ्यांनी बीपी असेल तर ते बंदच करावं. तो सोडियमच आहे, म्हणजे मिठाचाच भाऊ.

माझं स्वतःचं सांगायचं तर मला छातीत कधी जळलंच नाही. सात-आठ महिने कोरडा खोकला, सकाळी आवाज बसलेला. मी दुकानातली खोकल्याची औषधं एकामागून एक संपवली. एका डॉक्टरांनी ॲलर्जी म्हटलं, ती औषधंही झाली. शेवटी नागपूरला घशाच्या डॉक्टरनं आत पाहून विचारलं, रात्री किती वाजता जेवता? दुकान बंद करून साडेदहाला. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला हे कळायला आठ महिने लागले.

आणि एक प्रसंग, जो मी प्रत्येक 'गॅसवाल्याला' सांगतो. डिसेंबरची सकाळ, कापसाची गाडी घेऊन आलेला पन्नाशीचा माणूस. "गॅस झाला, पटकन गोळी दे." एवढ्या थंडीत त्याचा सदरा पाठीवर घामानं चिकटला होता आणि तो सारखा जबडा चोळत होता. मी गोळी दिली नाही, १०८ ला फोन लावला. त्यानं मला चारचौघांत शिव्या घातल्या. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला, हार्ट अटॅक होता. छातीत दाब, घाम, धाप, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणं, चालताना वाढणं, यांतलं काहीही असलं तर आधी ईसीजी. गॅस नंतर बघता येतो.

दुसऱ्या काही खुणांनाही दुकानात उपाय नाही. घास अडकणं, गिळताना दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, डांबरासारखी काळी शी, उलटीत रक्त, रक्त कमी होणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच जळजळ सुरू होणं हेही तसंच. तेव्हा नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ जिथं जमेल तिथं दुर्बीण घालून तपासून घ्यावं. लोक दुर्बिणीला घाबरतात. तपासणी काही मिनिटांचीच असते. अल्सर निघाला तर त्याचं कारण बऱ्याचदा एक जंतू असतो. बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन दाखवला आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल घेतला. त्यावर औषधांचा कोर्स आहे, तो रिफ्लक्सपेक्षा वेगळा.

काकाजींची दुर्बीण झाली. मोठं काही निघालं नाही, थोडी सूज. डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करायला सांगितली आणि उरलेलं समजवायचं काम माझ्याकडे आलं. जेवण सातला, झोप दहाला, मध्ये तीन तास. खर्रा कमी नाही, बंद (यावर काकाजी फक्त हसले). झोपताना डाव्या कुशीवर, कारण त्या कुशीवर जठर कड्याच्या खाली राहतं. आणि बाजेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा, म्हणजे सहा इंच उंची. नुसत्या दोन उशांनी भागत नाही. त्यानं मान वाकते आणि पोट उलट दुमडतं. उतार कमरेपासून हवा. बाजेला मधे झोळ पडला असेल तर आधी दावण कसून घ्या. खाली झोपणाऱ्यांनी गोधड्यांची घडी पाठीखाली उतरती लावावी.

पुढच्या बाजारी काकाजी आले, पिशवी खाली ठेवली, मूठ काही छातीवर ठेवली नाही.

"आग कमी हाये."

"मग?"

"पन मी रातभर खाली घसरतो ना बापू. सकाळी उठतो तं पाय बाजेच्या बाहेर आन् डोस्कं मधात. तुही काकी हासते."

मी म्हटलं, एक एक वीट काढा.